टाकीच्या तळाची तीन वर्तुळं

१

सोमवारी सकाळी सव्वानऊला तीन सिलिंडर फुटले, आणि त्यांच्याबरोबर एका बाईचं एकतीस वर्षांचं नाव मातीत जायची वेळ आली.

आता सिलिंडर फुटणं हा काही गुन्हा नव्हे. त्या प्रयोगशाळेत दिवसभर तेच काम चालायचं. पुलाचं, धरणाचं, इमारतीचं काँक्रीट ओतलं जात असताना त्यातलंच थोडं लोखंडी साच्यात भरायचं, की फूटभर उंचीचा गोल ठोकळा तयार होतो. तोच सिलिंडर. तो ठरलेले दिवस पाण्याच्या टाकीत ठेवायचा आणि मग मशीनखाली घालून फोडायचा. किती दाबाला फुटला ती त्याची ताकद. फुटण्याआधी दाबाखाली किती आखडला त्यावरून त्याचा ताठपणा. ओझं उचलता येणं वेगळं आणि उचलताना न वाकणं वेगळं. पुलाला दोन्ही यावं लागतं, नाहीतर पूल पडत नाही, पण चालणाऱ्याच्या पायाखाली असा लवतो की माणूस परत त्या पुलावर चढत नाही.

नदीवरच्या पादचारी पुलाच्या आठ तुळया ओतून तयार होत्या. हे तीन सिलिंडर त्यांचेच. ताकद हवी होती पन्नास, भरली अडुसष्ट. साहेबांनी टाळी वाजवायला हात उचलले होते. मग ताठपणाचा हिशेब लागला. हवा होता चौतीस, भरला एकतीस. हात तसेच खाली आले.

साहेब म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख. माणूस वाईट नाही, पण निकाल वाईट आला की दहा मिनिटांत कुणाच्या तरी माथी खापर फोडल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे. त्यांनी अहवालाचा कच्चा मसुदा काढला आणि कारणाच्या ओळीत लिहिलं: ‘सिलिंडर पाण्यात ठेवण्याच्या कामात हलगर्जीपणा.’

ती टाकी सांभाळायच्या टाकीताई. एकतीस वर्षं. निवृत्तीला बरोबर एक महिना राहिलेला.

अहवाल संध्याकाळी सहाला पुलाच्या कचेरीत जायचा होता. तो गेला की तुळया फोडायचा हुकूम निघणार आणि ताईंच्या नावापुढे ते एक वाक्य कायमचं राहणार. साहेबांनी एवढंच शहाणपण केलं, की सही करण्याआधी काटेकाकांना फोन लावला.

२

काटेकाकांचं आडनाव काटे नव्हतं. मशीनच्या तबकड्यांवरचे काटे खरं बोलतात की खोटं, हे तपासत ते चाळीस वर्षं गावोगावच्या प्रयोगशाळा फिरले, म्हणून लोकांनी ठेवलेलं नाव. इतकं चिकटलं की त्यांच्या बायकोलाही शेजारणी काटेकाकू म्हणू लागल्या आणि त्या बिचाऱ्या माहेरी गेल्यावरच आपलं खरं आडनाव ऐकायच्या.

“काका, तुमचं मशीन खोटं बोललंय का, तेवढं सांगा,” साहेब म्हणाले.

काकांच्या नाकाला ते झोंबलं. सहा महिन्यांपूर्वी त्या मशीनवर त्यांनी स्वतः सही केली होती. दुपारी एकला ते पोचले ते आपली कातडी पिशवी काखेत मारूनच. पिशवीत मऊ फडक्यात गुंडाळलेला ॲल्युमिनियमचा एक दांडा होता. त्या दांड्याचा ताठपणा काकांना स्वतःच्या जन्मतारखेइतका पाठ.

मशीनवर बसायचा मशीनदादा. पंचेचाळिशीचा, रुंद खांद्यांचा, अबोल. तो टाकीताईंचा धाकटा दीर. ताई लग्न होऊन आल्या तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. पुढे ताईंचे यजमान लवकर गेले, आणि दिराला शिकवून, हाताला धरून या प्रयोगशाळेत आणला तो वहिनीनेच.

“लाव दांडा,” काका म्हणाले.

दादाने दांडा मधोमध बसवला, दोन्ही बाजूंना आखडणं मोजायचे डायल गेज अडकवले, आणि दाब असा सावकाश चढवला की मशीनचा नुसता श्वास ऐकू यावा. काका काट्याकडे बघत होते, पण त्यांचं अर्धं लक्ष त्या हाताकडे होतं. असा हात वर्षानुवर्षं कमवावा लागतो.

आकडा आला. सत्तर. केसभर इकडे नाही की तिकडे नाही.

“मशीन खरं, गेज खरे,” काका म्हणाले. त्यांची छाती दोन बोटं फुगली, आणि ती फुगली हे त्यांनी लपवलंही नाही. मग त्यांनी सकाळचा तक्ता मागितला. दादाचं अक्षर शाळेच्या फळ्यावर लिहिल्यासारखं. तारीख, वय छप्पन्न दिवस, ताकद, ताठपणा, सगळं जागच्या जागी. एकच रकाना कोरा होता. वजन.

“वजन केलं नाहीस?”

“राहिलं,” दादा म्हणाला आणि गेज पुसायला लागला. ते आधीच स्वच्छ होते.

३

हे मिश्रण ठरवणारी इंजिनिअर मुलगी वरच्या मजल्यावर खिडकीशी उभी होती. तिला सगळे राखवाली म्हणायचे, कारण तिने या पुलाच्या काँक्रीटमधलं एक चतुर्थांश सिमेंट काढून त्याजागी वीजकेंद्रातली राख घातली होती, आणि वर चिमूटभर सिलिका फ्यूम, म्हणजे धुराइतकी बारीक पूड. डोळे लाल होते, पण आवाजाची धार तशीच होती.

“काका, माझ्या राखेनं घात केला असं म्हणायला आला असाल तर आधी ऐकून घ्या.”

“पोरी, मी ऐकायलाच आलोय. बोलायचे पैसे मला कोण देतंय!”

“सिमेंट भिजलं की त्यातून चुना सुटतो. एरवी तो काँक्रीटच्या पोटात नुसता पडून राहतो. राख त्या चुन्याला धरते आणि दोघांचा नवा गोंद होतो, पहिल्यापेक्षा घट्ट. ती पूड उरलेल्या फटी बुजवते. पण राखेचं काम सावकाश चालतं, आणि पाणी असेल तोवरच चालतं. पाणी काढून घेतलंत की राख नुसती राख. म्हणून मी अठ्ठावीस दिवसांवर भागवलं नाही. छप्पन्न दिवस टाकीत ठेवा म्हणाले.”

“आणि टाकीत ठेवण्यात हयगय झाली असती तर?”

ती बोलायला गेली आणि थांबली. “तर... तर ताकदही पडली असती. अर्धीकच्ची राख अडुसष्टवर जाईल कशी?”

“तेच मी स्वतःशी म्हणतोय मघापासून,” काका म्हणाले.

खाली दारातच सिमेंटवाला एजंट भेटला. पांढरे बूट, पांढरं हसू. राखेचा वापर वाढला तर याचं सिमेंट कमी खपणार, हे काय सांगायला हवं? तो मुद्दाम थांबला.

“वाईट झालं हो काका! मी म्हणत होतो, राख भांडी घासायला बरी. पुलात कशाला?”

“तुम्ही इथे कधी आला होतात मागे?”

“गुरुवारी. साहेबांकडे. वहीत सही आहे माझी. का?” हसू जरा आखडलं. “माझ्यावर संशय की काय?”

“संशय सगळ्यांवर. माझ्यावरसुद्धा होता, पण मी आत्ताच सुटलो,” काका म्हणाले आणि टाकीच्या शेडकडे वळले.

४

टाकीची शेड त्या आवारातली सगळ्यात थंड जागा. कमरेइतकी उंच, दोन खोल्यांएवढी लांब टाकी, आणि तिच्यात रांगेने उभे सिलिंडर. काठावर टाकीताई उभ्या होत्या. रबरी बूट, पदर खोचलेला, हातात लांब दांड्याची जाळी. कच्चा मसुदा त्यांच्या कानावर गेला होता. डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता.

“या काका. टाकी बघायला आलात ना? बघा. पाणी हातात घेऊन बघा.”

काकांनी ओंजळ भरली. पाणी बोटांना किंचित बुळबुळीत लागलं.

“चुना घालते मी त्यात,” ताई म्हणाल्या. “साध्या पाण्यात ठोकळा ठेवला तर पाणी त्याच्या अंगातला चुना ओढून घेतं. मग राखवालीच्या राखेनं कशावर काम करायचं? म्हणून पाणी आधीच चुन्यानं तृप्त ठेवायचं. पण चुना तळाशी बसतो. तेव्हा दर शुक्रवारी संध्याकाळी पंप आपोआप सुरू होतो आणि तासभर सगळं ढवळतो. शनिवारी सकाळपर्यंत तळावर परत पांढरी साय धरते. एकतीस वर्षांत एक शुक्रवार चुकलेला नाही. हलगर्जीपणा म्हणे!”

“तुम्ही चार दिवस रजेवर होतात ना?”

ताईंचा चेहरा क्षणात बदलला, जणू आत कुणी दिवा लावला. “नात झाली मला. बुधवारी संध्याकाळी गेले, आज सकाळी परत आले. सव्वातीन किलोची! मी स्वतः काट्यावर ठेवली.”

“अभिनंदन! आणि ते तीन सिलिंडर टाकीतून बाहेर कुणी काढले?”

जाळीचा दांडा ताईंनी या हातातून त्या हातात घेतला.

“मीच. आज सकाळी साडेआठला.”

“नक्की?”

“टाकीतून काढायचं काम माझं. तासाभरात मशीनखाली गेले पाहिजेत, ओलेच, असा नियम आहे. मी नाही काढणार तर कोण?”

काकांनी खिशातून छोटी विजेरी काढली आणि त्या तिघांची जागा विचारली. ताईंनी बोट दाखवलं: डावीकडची दुसरी रांग. काका काठावर ओणवे झाले. शेजारचा एक सिलिंडर त्यांनी जाळीच्या दांड्याने अलगद बाजूला सरकवला. त्याच्याखाली तळाच्या काळ्याभोर फरशीचा गोल होता, स्वच्छ, जसा काही आत्ता पुसलेला. चुना त्याच्या बुडाखाली जाणार कसा?

मग विजेरी रिकाम्या तीन जागांवर गेली.

तिथेही तीन वर्तुळं होती, पण पुसटशी. त्यांच्यावर चुन्याची पांढरी साय धरली होती.

काका बराच वेळ वाकून राहिले. कंबर दुखायला लागली म्हणून नव्हे, तर उठल्यावर ताईंच्या तोंडाकडे बघावं लागणार म्हणून. सिलिंडर आज सकाळी निघाले असते तर तिथे काळे गोल असते. साय धरली होती, म्हणजे शुक्रवारी पंप सुरू झाला तेव्हा त्या जागा रिकाम्या होत्या. तेव्हा तर ताई नातीला मांडीवर घेऊन बसलेल्या होत्या.

“ताई,” काका उठत म्हणाले, “एकतीस वर्षांत इथे किती वेळा खोटं बोललात?”

“एकदाही नाही.”

“दिसतंच आहे. अजून हात बसला नाही तुमचा.”

ताई पाण्याकडे बघत राहिल्या.

५

फुटलेले तुकडे मागच्या अंगणात पडले होते. काकांनी मोठासा एक निवडला आणि हातोड्याने आडवा फोडला. आतला भाग गडद करडा, ओलसर. पण बाहेरून दोन बोटं जाडीचं कडं फिक्कं, कोरडं, भिजलेली साबणाची वडी उन्हात ठेवल्यावर वरवर वाळते ना, तसं. टाकीतून काढून तासाभरात फोडलेला ठोकळा आत-बाहेर सारखाच गडद हवा.

मग त्यांनी तुकड्यांची बाहेरची बाजू पाहिली. तिघांच्याही अंगावर तांबूस गंजाचे पट्टे, सरळ, एकमेकांपासून चार चार बोटांवर.

“अस्सं!” काका पुटपुटले.

प्रयोगशाळेत वाळू सुकवायची भट्टी एका छोट्या खोलीत होती. भट्टीच्या वर लोखंडी सळ्यांची जाळी, फडकी वाळत घालायची. काकांनी दोन सळ्यांमधलं अंतर बोटांनी मोजलं. चार बोटं. सळ्या गंजलेल्या. आणि जाळीवर पडलेली पांढरी भुकटी बोटाला लावून चोळली, तर ती बुळबुळीत लागली. चुना.

आता कुठे ठेवले हे कळलं. गुरुवार-शुक्रवारपासून सोमवारपर्यंत, भट्टीच्या उबेत, आडवे. का ठेवले, तेही काकांना कळलं, कारण ही युक्ती त्यांनी तरुणपणी बघितलेली होती. जुने मशीनवाले एकमेकांच्या कानात सांगायचे: ठोकळा जरा वाळवून घे, ताकद चढून दिसते. आणि ती खरंच चढते.

काका भट्टीच्या खोलीतल्या स्टुलावर बसले. एजंटने हे केलं नव्हतं. वैरी कधी वैऱ्याची ताकद वाढवून देतो का? राखवालीने केलं नव्हतं. वाळवल्यावर ताठपणाचं काय होतं, हे तिला पुस्तकातून ठाऊक होतं. साहेबांनी तर जन्मात साडेबारा किलोचा ठोकळा उचललेला नव्हता. हे काम कुणा वैऱ्याचं नव्हतंच. हे कुणीतरी मायेपोटी केलं होतं, आणि ज्याने केलं तो इतका सरळ होता की वाळून हलक्या झालेल्या ठोकळ्यांचं खोटं वजन तक्त्यात लिहायला त्याचा हात धजला नव्हता.

घड्याळात चार वाजून गेले होते. पण अजून एक गोष्ट हवी होती. तर्क कितीही गोड असला तरी साहेबांना आकडा लागतो.

काका परत टाकीकडे गेले. “ताई, या काँक्रीटचे जास्तीचे सिलिंडर आहेत?”

ताईंनी मान खाली घातली. मग अगदी हळू म्हणाल्या, “दोन. मी नेहमीच दोन जास्तीचे भरते. वहीत नोंद आहे. पार त्या टोकाला.”

“गेल्या छप्पन्न दिवसांत कुणी हलवले?”

“कोणाला माहीतच नाहीत.”

“मग काढा एक. आणि या मशीनच्या खोलीत.”

ताई हलल्या नाहीत. “नको काका. राहू दे तो अहवाल तसाच. माझा एकच महिना राहिलाय.”

६

पावणेपाचला मशीनच्या खोलीत सगळे जमले. साहेब घड्याळाकडे बघत होते, राखवाली भिंतीला टेकून उभी होती, एजंट कुणी न बोलावता आला होता. मशीनदादा आपल्या जागेवर. ताई दाराशी, आणि टेबलावर ओलाचिंब सिलिंडर, खाली पाण्याचं तळं करत उभा. शेवटी ताईंनी तो काढला होता, कारण काका म्हणाले होते, “ताई, हा महिन्याचा प्रश्न नाही, एकतीस वर्षांचा आहे. आणि तुमच्यामागून टाकी सांभाळायला जो येईल, त्याचाही.”

काकांनी फार फाफटपसारा लावला नाही. पांढरी साय, फिक्कं कडं, गंजाचे पट्टे, तिन्ही सांगितलं.

“म्हणजे कुणीतरी ते गुरुवारी-शुक्रवारीच काढून वाळवले,” साहेब म्हणाले. “पण वाळवल्याने ताठपणा कमी होईल आणि ताकद वाढेल? असं कसं? ताकद वाढली की ताठपणाही वाढतो. एवढं तर मलाही कळतं.”

“मिश्रण चांगलं झालं, राख नीट मुरली, तर दोन्ही वाढतात. तिथे तुमचं बरोबर,” काका म्हणाले. “पण हा ठोकळा वाढला नव्हता साहेब, नुसता वाळला होता. काँक्रीटच्या पोटात डोळ्यांना न दिसणारी भोकं असतात. ती पाण्याने भरलेली असली, तर दाब आला की पाणीही आतून टेका देतं. वाळवलं की तो टेका गेला. शिवाय बाहेरची साल आक्रसते, तिला केसाहून बारीक चिरा जातात. मग ठोकळा जास्त दबतो. फुटताना मात्र कोरडा ठोकळा ओल्यापेक्षा जास्त पेलतो. ताकद वर, ताठपणा खाली. एकाच वेळी दोन्ही असं उलटसुलट झालं, की समजावं, शेवटच्या दिवसांत कुणीतरी ऊब दिली.”

“कुणी?” साहेबांचा आवाज चढला. “नाव सांगा!”

“आधी आकडा,” काका म्हणाले. “माझं म्हणणं खरं असेल तर हा ओला सिलिंडर ताकदीत सकाळच्यांपेक्षा कमी भरेल आणि ताठपणात जास्त. उलटं झालं तर मी खोटा, आणि तुमचा अहवाल खरा. दादा, लाव.”

मशीनदादाने सिलिंडर उचलला. तो आधी तराजूवर ठेवला, आणि वजनाचा रकाना भरला. मग मशीनखाली मधोमध बसवला, गेज अडकवले, आणि एकदा वहिनीकडे बघितलं.

काकांना ठाऊक होतं की सगळं आता या हातावर आहे. दाब जरा झटक्याने चढवला, गेज केसभर तिरका बसवला, की आकडा बिघडला. आकडा बिघडला की हा माणूस सुटला. त्यालाही ते ठाऊक होतं.

दाब चढला. सावकाश, अखंड. दादाच्या कपाळावर घाम होता, पण मनगट दगडासारखं स्थिर. दाब चढवून उतरवायची एक फेरी, दुसरी, तिसरी. राखवाली आकडे उतरवत होती आणि शेजारी हिशेब मांडत होती.

“छत्तीस!” ती ओरडली. “काका, छत्तीस! हवा होता चौतीस!”

“फोड आता.”

दादाने गेज उतरवले आणि दाब वाढवत नेला. मशीन कण्हलं. मग एकच आवाज झाला, बंद खोलीत फळी आपटावी तसा. काका काट्याकडे बघून म्हणाले, “बासष्ट. सकाळपेक्षा सहाने कमी, आणि हव्या त्यापेक्षा बाराने जास्त. घ्या साहेब. पूलही उभा राहिला आणि टाकीही.”

फुटलेल्या तुकड्याचं पोट सगळ्यांना दिसलं. आत-बाहेर एकच रंग, गडद, ओला. फिक्कं कडं औषधालाही नव्हतं.

एजंट कधी निघून गेला ते कुणालाच कळलं नाही. साहेबांनी मसुदा हातात घेतला, पण काही बोलायच्या आत मशीनदादा उठून उभा राहिला.

“गुरुवारी मी काढले,” तो म्हणाला. “भट्टीवर मी ठेवले.”

७

“अरे पण का?” साहेबांना राग यायच्या आधी नवलच वाटलं.

दादाने भिंतीवरच्या फळ्याकडे बोट केलं. त्यावर प्रयोगशाळेच्या सगळ्या शाखांतली आजवरची सगळ्यात मोठी ताकद लिहिलेली असे, आणि शेजारी ज्या टाकीत ती मुरली त्या टाकीवाल्याचं नाव. वरची ओळ नऊ वर्षं तशीच होती. सदुसष्ट. दुसऱ्याच एका शाखेचा टाकीवाला.

“वहिनींची ही शेवटची खेप,” दादा म्हणाला. “एकतीस वर्षं पाण्यात उभ्या राहिल्या, हात कायमचे सुरकुतलेत त्यांचे, आणि फळ्यावर नाव नाही. म्हटलं, जाताना लागू दे. ताकद वाढली की ताठपणाही आपोआप वाढेल असं वाटलं मला. मला काय माहीत, उलटं होतं ते! निकाल आला तेव्हाच कळलं काहीतरी चुकलं. बोलायला गेलो तर वहिनी आधीच म्हणाल्या, मीच काढले.”

सगळ्यांनी ताईंकडे बघितलं.

“सकाळी आले तेव्हा मशीनशेजारी ठेवलेले होते,” ताई म्हणाल्या. “भाऊजी म्हणाले, काढून ठेवलेत. मी हात लावला. कोमट लागले. एकतीस वर्षं ओले ठोकळे उचललेत मी, मला कळणार नाही? तेव्हाच थांबवायला हवं होतं. नाही थांबवलं. नातीच्या आनंदात होते, वाटलं, जाऊ दे, कशाला भाऊजींना चारचौघांत बोलायचं. ती माझी चूक. मग निकाल आला. मला एक महिना राहिलाय, यांना पंधरा वर्षं. म्हटलं, नाव जायचं तर माझं जाऊ दे.”

दादाचे खांदे हलायला लागले. एवढा मोठा माणूस, तोंडावर हात घेऊन मशीनकडे वळला.

“भाऊजी,” ताईंचा आवाज एकदम कडक झाला, “रडताय कशाला? चूक केलीत ती केलीत. पण आत्ता दाब चढवताना हात हलला नाही तुमचा. मी बघत होते. माझ्यासाठी काही करायचं होतं ना, तर ते तुम्ही आत्ता केलंत.”

साहेबांनी खाकरून घसा साफ केला. नियम नियम असतो. शिक्षा द्यायलाच हवी, हे ते म्हणाले, पण नेहमीच्या आवाजात नव्हे. मग त्यांनी कच्चा मसुदा चार तुकड्यांत फाडला, आणि नवीन अहवाल दादाकडूनच लिहून घेतला: काय घडलं, कुणी केलं, जास्तीच्या सिलिंडरचा आकडा काय आला. दुसरा जास्तीचा सिलिंडर उद्या पुलाच्या लोकांसमोर फोडायचा, असंही त्यात घातलं. खाली दादाने सही केली, तक्त्यावरच्याच अक्षरात. पावणेसहाला अहवाल गेला.

“शिक्षेचं मी सांगू?” ताई म्हणाल्या. “महिनाभर यांना माझ्या हाताखाली द्या. सकाळी मशीन, दुपारी टाकी. ओला ठोकळा म्हणजे काय, ते हाताला कळलं पाहिजे. मी गेल्यावर टाकी कुणाच्या तरी हातात द्यायचीच आहे. त्या माणसाला शिकवायला मशीनवर टाकी जाणणारा कुणीतरी हवा.”

“मान्य,” साहेब म्हणाले. इतक्या लवकर त्यांनी आजवर काहीच मान्य केलेलं नव्हतं.

काकांनी आपला दांडा फडक्यात गुंडाळला. निघताना त्यांनी पाहिलं, तर दादा फळ्यासमोर खडू घेऊन उभा होता. वरची सदुसष्टची ओळ त्याने तशीच ठेवली. तिच्या शेजारी पट्टी लावून सरळ रेघ मारली, नवा रकाना आखला आणि वर लिहिलं: ताठपणा. त्या प्रयोगशाळेच्या फळ्यावर हा रकाना आजवर कुणी आखलाच नव्हता. त्याखाली पहिलीच ओळ: छत्तीस. मिश्रण, राखवाली. टाकी, टाकीताई.

राखवालीने आपलं नाव दोनदा वाचलं. ताई मागे उभ्या राहून बघत होत्या. हात अजून ओले, पदर अजून खोचलेला, आणि मान अशी ताठ, की काकांना आपण गुपचूप बघतोय याचीच लाज वाटली.

“भाऊजी, ओळ अर्धीच राहिलीय,” ताई म्हणाल्या. “मशीन कुणी चालवलं ते लिहा.”

दादाचा खडू हवेतच थांबला. “वहिनी, माझं नको.”

“लिहा म्हणते ना! उद्या माझी नात मोठी होऊन इथे येईल, तिला दाखवायचंय मला. आजीनं भिजवलं, आणि आजोबांनी खरं मोजलं.”

दादाने लिहिलं. अक्षर पहिल्यांदाच थोडं वाकडं आलं, पण ते कुणी पुसलं नाही.